जात्याची घरघर आणि तेरा गाणी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज जुन्या ध्वनिमुद्रणांबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. ही चूक रेडिओमुळेच हातून घडली, तेव्हा ती रेडिओवरच कबूल केलेली बरी.

आम्ही मूळचे मराठवाड्यातले. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. १९७२ च्या दुष्काळानंतर अब्बा कामाच्या शोधात पिंपरीला आले. इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना पन्नासच्या दशकातच उभा राहिला होता. पाठोपाठ मोटारींचे, स्कूटरचे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी लहान लहान वर्कशॉप भोसरीत निघाली. अब्बा तशाच एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागले. दोन वर्षांनी अम्मा आम्हा मुलांना घेऊन आली. एसटीच्या टपावर सामान तीनच : पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि जातं.

चाळीत दहा बाय दहाची खोली आणि कोपऱ्यावर पिठाची गिरणी. जात्याला काम उरलं नाही. ते खाटेखाली गेलं. वर्षातून दोन-तीनदा बाहेर यायचं. कुणाच्या हळदीला, नाहीतर रमजानच्या आधी डाळी भरडायला. ते बाहेर आलं की अम्मा गायची. घरात आमची बोली दखनी, पण अम्माची ओवी मराठीच. त्या ओवीत तिचा भाऊ होता, माहेरची वाट होती, पंढरीची दिंडी होती आणि गावच्या पिराचा उरूसही होता. यातलं काय आपलं आणि काय परकं, असा प्रश्न तिला कधी पडला नाही आणि आम्हालाही तिनं तो पडू दिला नाही.

१९८९ साली धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि पहिल्या बोनसचा टू-इन-वन घरात आला होता. म्हटलं, अम्मा, गा, टेप करतो. अम्मा पदर सावरून समोर बसली आणि गप्पच राहिली. तिला एकही ओवी आठवेना. शेवटी म्हणाली, जातं काढ. खाटेखालचं जातं ओढून मांडलं, खुंटा ठोकून बसवला, हळद घातली. दोन फेरे झाले आणि ओव्या एकामागून एक येऊ लागल्या. साधारण एकवीस मिनिटं ती गायली. हात फिरल्याशिवाय तिचा गळा उघडत नसे, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं १९९१ साली, मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला असताना, माझ्या कविता पहिल्यांदा रेडिओवर लागल्या. कार्यक्रम वीस मिनिटांचा. तो टेप करायचा होता आणि कोरी कॅसेट घरात नव्हती. हाताला लागली ती घातली आणि बटण दाबलं. श्रोतेहो, ती अम्माची कॅसेट होती. लक्षात आलं तेव्हा माझ्या कविता टेप होऊन गेल्या होत्या. मी रडकुंडीला आलो. अम्मा मात्र हसली. म्हणाली, "तेरा आवाज हय ना उसमें, मेरे आवाज का क्या करना रे?"

अम्मा २००८ साली गेली. तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला पुष्कळ उशिरा सापडलं आणि तेही फार लांब, अमेरिकेतल्या एका शेतमजुराच्या गोष्टीत. ती गोष्ट आज सांगतो.

अमेरिकेच्या दक्षिणेत मिसिसिपी नावाचं राज्य आहे. कापसाचा मुलूख. तिथल्या काळ्या शेतमजुरांमधून जे गाणं आलं त्याला ब्लूज म्हणतात. त्यातही एकट्यानं गिटार घेऊन ओसरीवर बसून म्हणायचा जो खेड्यातला प्रकार, तो कंट्री ब्लूज. आपल्या शब्दांत सांगायचं तर गावरान ब्लूज. तिथल्या अ‍ॅव्हेलॉन नावाच्या छोट्या वस्तीत जॉन हर्ट नावाचा माणूस राहत होता. दिवसा दुसऱ्याच्या रानात राबायचं, रात्री शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी गायचं. आवाज मऊ, गिटारवर बोटं अशी चालायची की दोघं जण वाजवताहेत असं वाटावं. शेजारच्या एका गोऱ्या फिडलवादकानं ओके नावाच्या रेकॉर्ड कंपनीला त्याचं नाव सुचवलं. १९२८ साली कंपनीनं त्याला आधी मेम्फिसला आणि मग न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. रेकॉर्डी निघाल्या, पण फारशा खपल्या नाहीत. पुढच्याच वर्षी मंदी आली. हर्ट परत गावी गेला आणि पुन्हा शेतात राबू लागला. त्या वर्षीच्या गाण्यांपैकी आज ऐकायला मिळतात ती अवघी तेरा.

पस्तीस वर्षं कुणी विचारलं नाही. १९५२ साली हॅरी स्मिथ नावाच्या संग्राहकानं जुन्या रेकॉर्डींमधून निवडक लोकगीतांचा एक संच काढला, त्यात हर्टची दोन गाणी घेतली. नवी पिढी ती ऐकू लागली. पण गाणारा कोण, कुठला, जिवंत आहे की नाही, याचा पत्ता नव्हता. पत्ता निघाला तो गाण्यातूनच. न्यूयॉर्कला मुद्रित झालेल्या एका गाण्यात त्यानं आपल्या गावाचं नाव घेतलं होतं. टॉम हॉस्किन्स नावाचा तरुण १९६३ साली ते नाव जुन्या नकाशात शोधत अ‍ॅव्हेलॉनला पोचला. सत्तरीच्या घरातला हर्ट तिथंच होता. त्याच्याकडे स्वतःची गिटारसुद्धा राहिली नव्हती. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो हजारो लोकांसमोर गायला. पुढं जेमतेम तीन वर्षं मिळाली. १९६६ साली तो गेला. पण त्या तीन वर्षांत त्यानं पुन्हा पुष्कळ गाणी मुद्रित करून ठेवली. ती आणि मूळची तेरा मिळून त्याचा वारसा.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, आपल्याकडच्या जात्यावर बसलेल्या बाईच्या दारात अशी एखादी कंपनी का आली नाही? ग्रामोफोन तर आपल्याकडे अमेरिकेच्या मागोमागच आला होता. १९०२ साली फ्रेड गेसबर्ग हा लंडनच्या कंपनीचा माणूस कलकत्त्यात उतरला आणि त्यानं गौहरजानचा आवाज मेणाच्या तबकडीवर घेतला. गाणं संपताच ती इंग्रजीत आपलं नाव सांगते, ते आजही ऐकू येतं. पुढं नाटकातली पदं आली, बैठकीतले राग आले, भजनं आली, लावण्या-पोवाडेही आले. ओवीसाठी मात्र कंपनी जात्यापाशी गेली नाही.

याचं कारण शोधलं तर ते कलेत नाही, बाजारात आहे. अमेरिकेत १९२० साली मेमी स्मिथ या काळ्या गायिकेची रेकॉर्ड तुफान खपली आणि कंपन्यांच्या लक्षात आलं की गरीब काळी माणसंही रेकॉर्डी विकत घेतात. मग ज्याला गिऱ्हाईक आहे ते गाणं शोधत त्यांचे लोक खेड्यांत फिरू लागले. पॅरामाउंट या लेबलची कथा आपल्या पिंपरी-भोसरीच्या माणसाला लगेच कळेल. तो धंदा मुळात खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याचा. त्यांनी ग्रामोफोनची लाकडी कपाटं बनवायला घेतली आणि कपाटं खपावीत म्हणून रेकॉर्डी काढल्या. ब्लाइंड लेमन जेफरसन, चार्ली पॅटन अशा मोठ्या गायकांचे आवाज त्या फर्निचरवाल्यांमुळे उरले. कला जपावी असा त्यांचा काही हेतू नव्हता. धंदा बसला तेव्हा मूळ धातूचे कितीतरी साचे भंगारात गेले. आज पॅटन ऐकायचा तर घासलेल्या तबकड्यांच्या खरखरीतून ऐकावा लागतो.

आपल्याकडे ग्रामोफोन होता वाड्यात, बंगल्यात, शहरातल्या हॉटेलात. दळणारी बाई त्याची गिऱ्हाईक नव्हती. आणि ओवी विकायची तरी कुणाला? ती तर घरोघर फुकट होती. शिवाय त्या तबकडीवर गाणं मावायचं तीन-साडेतीन मिनिटं. ब्लूजवाल्यांनी आपलं गाणं त्या मापात कापून बसवलं. ओवीला घड्याळाचं माप नाही. पायलीचं दळण असेल तर पायली संपेपर्यंत ओवी.

याच विषमतेची दुसरी बाजू बघा. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, माणसाच्या जगातले आवाज घेतलेली. त्यात एक आवाज ब्लाइंड विली जॉन्सनचा आहे, रस्त्यावर भक्तिगीतं म्हणणाऱ्या टेक्सासच्या अंध गायकाचा. आणि एक आवाज गोव्याच्या केरीतून आलेल्या केसरबाई केरकरांचा. दोघांचीही योग्यता वादातीत. पण दोघं तिथवर पोचली, कारण त्याआधी कधीतरी कुणीतरी त्यांचा आवाज तबकडीवर घेतला होता. ज्याचं मुद्रणच नाही त्याचा विचारही होत नाही.

मग आपल्याकडे ओवी टिकली कशी? ती टिकली गळ्यावर. चालुक्य राजा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा. त्यात महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीच परक्या भाषेतल्या ग्रंथकाराच्या कानावर ती पडली होती. ज्या पट्ट्यात आज आपण राहतो, तिथल्या इंद्रायणीची कथा सर्वांना ठाऊक आहे. तुकोबांची गाथा पाण्यात गेली आणि वर आली. भाविक तिच्यात चमत्कार पाहतात. काही जण म्हणतात, अभंग लोकांना पाठ होते म्हणून ते बुडाले नाहीत. मला दोन्ही पटतं. एवढं लोकांना पाठ असणं हासुद्धा चमत्कारच.

पण गळा माणसाबरोबर जातो. म्हणून काही जणांनी ओवी कागदावर उतरवली. साने गुरुजींनी घरोघरच्या ओव्या जमवून 'स्त्री जीवन' सिद्ध केलं. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीमार्फत खंडामागून खंड काढले. आणि बहिणाबाई चौधरी! लिहिता-वाचता न येणाऱ्या या माउलीची गाणी मुलानं, सोपानदेवांनी आणि मावसभावानं वहीत टिपून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपानं आली. सगळ्या महाराष्ट्राला ती पाठ आहेत. पण बहिणाबाई कुठल्या चालीवर, कुठं थांबत, कुठं हसत म्हणत होत्या, ते आपल्याला माहीत नाही. कागदानं शब्द वाचवले, पण आवाज त्याच्या हाती लागला नाही. त्या काळात महाराष्ट्रात ग्रामोफोन होता, रेडिओही होता. तरीही.

आता जी गोष्ट सांगतो ती आपल्या शेजारची आहे. गी पॉइटवँ हे मूळचे फ्रेंच गृहस्थ पुण्यात येऊन राहिले आणि भारतीय नागरिक झाले. हेमा राईरकर या त्यांच्या सहकारी. मावळ-मुळशीच्या डोंगरी भागात गरिबांच्या संघटनेचं काम करताना त्यांच्या ध्यानात आलं की बायकांना बोलतं करायचं तर ओवीपाशी जायला हवं. सभेत गप्प राहणारी बाई ओवीत मात्र सगळं सांगून मोकळी होते. १९८० च्या दशकात त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ओव्या टिपायला सुरुवात केली. आज ज्या मुळशी तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आहे, तिथल्याच वाड्या-वस्त्यांमधून हे काम उभं राहिलं. पुढं राज्यभर पसरून हजाराहून अधिक गावांमधल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या.

नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-अभ्यासक त्यांना येऊन मिळाले. गणकयंत्रात ओव्यांची सूची करायची आणि बायकांचे आवाज मुद्रित करायचे, अशी दोन्ही कामं त्यांनी केली. शंभराहून अधिक तासांचं मुद्रण झालं. १९९६ साली परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यांनी घेतला. सीतेचा वनवास त्या गातात. तो ऐकताना ही रामायणातली सीता की आपल्याच शेजारची कुणी टाकलेली बाई, हे वेगळं काढता येत नाही. पॉइटवँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. काम थांबतं की काय असं वाटत असताना पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयानं ते हाती घेतलं आणि २०१७ पासून या ओव्या इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतील अशा ठेवल्या. जुन्या टाचणांवरून कार्यकर्ते पुन्हा त्या गावांना गेले, हयात असलेल्या बायकांना भेटले, नव्यानं चित्रण केलं. अ‍ॅव्हेलॉनला पोचलेल्या त्या तरुणाची आठवण व्हावी असंच हे.

मला या संग्रहातली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली वाटते सांगू? नाव. प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव आहे. गाव, तालुका, वय, जात, शिक्षण किती, मुलं किती, काम काय, मुद्रण कुठल्या तारखेला, सगळं लिहिलेलं. शतकानुशतकं आपण या गाण्यांना 'पारंपरिक' म्हणून मोकळे झालो. पारंपरिक म्हटलं की कुणाचंच नाही. इथे पहिल्यांदा शेतमजूर बाईच्या गाण्याखाली तिचं नाव लागलं. गौहरजाननं १९०२ साली स्वतःचं नाव स्वतः सांगितलं. कारण ती नामवंत गायिका होती, तिला आपल्या नावाची किंमत ठाऊक होती. दळणाऱ्या बाईला तिचं नाव विचारावं लागतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ओवी गेली म्हणून हळहळताना जातं गेलं म्हणून कुणी हळहळू नये. पहाटे तीनला उठून घरभराचं दळण दळणं म्हणजे काय, ते त्या बायकांच्या खांद्यांना विचारा. कोपऱ्यावरच्या गिरणीला माझी अम्मा 'अल्लाची मेहेरबानी' म्हणायची. मिसिसिपीच्या शेतमजुरांनाही कापूस वेचण्याची हौस नव्हती. संधी मिळताच त्यांनी शिकागोच्या, डेट्रॉइटच्या कारखान्यांची वाट धरली, जशी आपल्या लोकांनी पिंपरीची धरली. कष्ट सरले हे चांगलंच झालं. पण कष्टाच्या सोबतीला जे मन बोलत होतं, ते कष्टाबरोबर फेकून द्यायचं कारण नव्हतं. गाणं गेलं ते गिरणीमुळे नव्हे. आपण विचारलं नाही म्हणून गेलं.

आणि अजून सगळं गेलेलं नाही. चाकण, तळवडे, मोशी, निगडी इथल्या भाड्याच्या खोल्यांमधून लातूर, बीड, जळगाव, सोलापूर, सगळीकडची माणसं राहतात. मुलगा कंपनीत पाळीला जातो, सून कामावर, आणि घरात सत्तरी-पंचाहत्तरीची आजी नातवंडं सांभाळत बसलेली असते. तिला ओव्या येत असतात. तिच्या उशाशी नातवाचा मोबाइल पडलेला असतो आणि त्यात टेपरेकॉर्डर असतो. कोरी कॅसेट नाही ही माझी सबब आता कुणाला सांगता येणार नाही.

तेव्हा आज घरी एवढं करा. आजीला आधी तिचं पूर्ण नाव विचारा, मग माहेरचं गाव विचारा, ओवी कुणाकडून शिकली ते विचारा. आठवत नाही म्हणाली तर घाई करू नका. जातं नसेल तर तिच्या हातात सूप द्या, पाटा-वरवंटा द्या, नातवाचा पाळणा द्या. हात हलू लागले की गळा उघडेल. आणि जे मिळेल ते दोन ठिकाणी ठेवा.

शेवटी पुन्हा त्या कॅसेटकडे येतो. अम्मा एकवीस मिनिटं गायली होती, माझा कार्यक्रम वीस मिनिटांचा. तेव्हा माझ्या कविता संपल्यावर, टेप चालूच ठेवली तर, सुमारे चाळीस सेकंद अम्मा उरली आहे. जात्याची घरघर आहे, बांगड्या आहेत, मधेच एकदा ती खाकरते. मग अर्धी ओवी येते. तिच्यात तिच्या माहेरच्या गावाचं नाव आहे. जॉन हर्टच्या गाण्यात होतं, तसंच. ओवी पुरी होण्याआधी एक तरुण आवाज मध्ये येतो : "अम्मा, आता बास."

तो आवाज माझा आहे.

म्हणून जाता जाता एकच विनंती. आजी गात असेल तेव्हा मध्ये बोलू नका.